चार भाकरींचा फोन

हाडांच्या दवाखान्यात इन्शुरन्सच्या काउंटरवर बारा वर्षं बसलं की माणसाजवळ दोन गोष्टी साठतात, रबरबँड आणि किस्से. रबरबँड ऐन वेळेला सापडत नाहीत. किस्से मात्र लग्नाच्या पंगतीत न बोलावता बाहेर येतात आणि शेजारची बाई जिलबी हातात धरून तशीच बसते. परवा बहिणीकडे मुडबीला गेले होते, तिथं असंच झालं. बहीण म्हणाली, "मंगल, तोंडाची वाफ कशाला दवडायलीस, लिहून काढ की." म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचा दवाखाना गुलबर्ग्यात. पाटीवर कलबुर्गी, तोंडात गुलबर्गा. पेशंट येतात ते आळंद, बसवकल्याण, हुमनाबाद या बाजूचे. निम्मे मराठी बोलतात, निम्मे कन्नड, आणि भांडायची वेळ आली की सगळे दखनी. काउंटरवर आम्ही दोघं, मी आणि शरणअण्णा. शरणअण्णा फायली सांभाळतात, मी कंपन्यांशी बोलते. ते स्वभावानं थंड आहेत आणि मी नाही. आमचे डॉक्टर सगळ्यांना सांगतात, "मंगलबाईंच्या पुढं काच लावलीय ती कंपनीच्या लोकांना जपायला."

* * *

आधी आमच्या भागातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "आराम?" आणि त्याला उत्तर एकच, "आराम." त्याचा तब्येतीशी काडीचा संबंध नाही. परक्या माणसापुढं आपलं दुखणं उघडं करायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या आईनं शेवटच्या दिवशीसुद्धा भेटायला आलेल्यांना "आराम हाय" असंच सांगितलं होतं.

एकदा मोटारसायकलवरून पडलेला एक माणूस स्ट्रेचरवर आला. पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळलेला. एवढ्यात त्याचा फोन वाजला. मामाचा होता.

"आराम हाय का?"

"आराम हाय मामा. तुमच्याकडं आराम?"

मग मामी आराम, पोरं आराम, बैलं आराम. तिकडं पाऊस झाला का, इकडं झाला का. डॉक्टर कात्री घेऊन पँट कापायला उभे. शेवटी हा म्हणतो, "बरं मामा, ठिवतो आता. जरा पाय मोडलाय."

हे हसण्यावारी गेलं. पण त्याच माणसाच्या खाटेपाशी चार दिवसांनी कंपनीचे चौकशी साहेब आले. पायाला वजन लटकवलेलं. साहेबांनी विचारलं, "कैसे हो?" हा म्हणाला, "आराम है साब." साहेबांनी लिहून घेतलं, की रुग्णाच्या म्हणण्यानुसार त्याला कोणताही त्रास नाही. क्लेम अडकला! तो सोडवता सोडवता मला आठ दिवस लागले आणि माझा घसा बसला.

त्यानंतर शरणअण्णांनी तीन भाषांत बोर्ड लिहून काउंटरजवळ लावला. 'कंपनीचे साहेब विचारतील तेव्हा आराम म्हणू नये. खरं सांगावं.' पुढच्या खेपेला साहेब आले, एका आजोबांना विचारलं, "कैसे हो?" आजोबांनी आधी बोर्डाकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"आराम नक्को बोलो बोलके बोर्ड पो लिखे, साब."

* * *

खरं सांगण्याचंही एक दुखणं आहे. ते बिरादार सरांमुळे कळलं.

बिरादार सर बसवकल्याणकडचे, निवृत्त मुख्याध्यापक. मुलाकडे गुलबर्ग्यात राहतात. गुडघ्याच्या व्यायामासाठी दर मंगळवारी आमच्याकडे येतात आणि व्यायाम झाला की काउंटरसमोरच्या बाकावर बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. मुख्याध्यापकाला कोरा कागद बघवत नाही.

सरांनी स्वतःची पॉलिसी काढली तेव्हा फॉर्मवर प्रश्न होता, 'आपणांस यापूर्वी कधीही कोणतीही दुखापत झाली आहे काय?' दुसरा कुणी असता तर 'नाही' वर टिक करून मोकळा झाला असता. सरांनी 'कधीही' हा शब्द अधोरेखित केला आणि तीन पुरवण्या जोडल्या. तिसरीत असताना चिंचेवरून पडलो, डावा कोपर. सातवीत बोकडानं शिंग मारलं, उजवी मांडी. शाळेत रुजू झालो त्या वर्षी फळा पायावर पडला.

कंपनीनंही मनावर घेतलं. पत्र आलं, की चिंचेवरून पडल्याच्या दुखापतीचे उपचाराचे कागद आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव, पात्रता कळवावी. सरांनी उलट टपालानं कळवलं.

"उपचार करणार: आई. पात्रता: सहा मुलं वाढवली. औषध: हळद. कागद: चुलीत."

पॉलिसी मिळाली. मला वाटतं तिकडं कुणीतरी हसलं असावं.

* * *

आता कस्तुराक्का. हे सगळं मी तिच्यापाशी येण्यासाठीच सांगत होते.

कस्तुराक्का खजुरी गावची. साठीला आलेली, शेती स्वतः बघणारी, हाडानं मोठी बाई. नऊ वर्षांपूर्वी तुरीची पोती घेऊन बाजाराला निघालेला टेम्पो उलटला आणि ती पोत्यांखाली सापडली. मांडीचं हाड मोडलं. सोलापूरला नेऊन रॉड घातला, पाय जुळला, ती पुन्हा शेतात गेली. फक्त खाली बसणं सुटलं. आता नऊ वर्षांनी त्याच पायाचा खुबा झिजून गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, जुना रॉड काढायचा आणि खुब्याचा सांधा बदलायचा, नाहीतर सहा महिन्यांत अंथरूण धराल.

पॉलिसी होती. मुलानं, रेवणनं, काढून दिलेली, चौथं वर्ष चालू. जुन्या दुखण्याला तीन वर्षं थांबावं लागतं, तेवढं थांबून झालं होतं. मी म्हटलं, अक्का, काळजी करू नका, हा सरळ क्लेम आहे. बारा वर्षांत मी 'सरळ क्लेम' असं म्हटलं आणि तो सरळ गेला, असं एकदाही झालेलं नाही.

कंपनीनं जुन्या अपघाताचे कागद मागितले. सोलापूरचा तो दवाखाना बंद पडलेला. डिस्चार्जचं कार्ड रेवणला सापडलं, पण एक्स-रे नव्हता.

"एक्स-रे हाय की," कस्तुराक्का म्हणाली. "पर गिराणाला दिलाय."

मला वाटलं गिराण म्हणजे कुणी पाहुणा. तर ग्रहण! सूर्यग्रहण बघायला गल्लीत काळी फिल्म कुणाकडे, तर कस्तुराक्काकडे. सगळ्या गल्लीनं तिच्या मांडीतून सूर्य बघितला होता. एका घरात लग्न झालेले दोन भाऊ भांडले, तेव्हा त्यांच्या आईनं कात्रीनं मधोमध कापून दोघांना वाटून दिला. डोळ्यांना धोका असतो हे शरणअण्णांनी तिथंच अर्धा तास समजावलं, पण ते ग्रहण होऊन गेलं होतं.

आठ दिवसांत कस्तुराक्का दोन घरं फिरून दोन तुकडे घेऊन आली. काठी टेकत, एका तुकड्यासाठी थेट आळंदला त्या धाकट्या भावाच्या सासरी जाऊन. बिरादार सरांनी चिकटपट्टीनं जोडून दिले. रॉड अगदी बरोबर जुळला. डॉक्टर प्रकाशात धरून बघत म्हणाले, "अक्का, हे हाड दोनदा जोडलं गेलंय."

* * *

महिन्यानं पत्र आलं. क्लेम नामंजूर.

कारण इंग्रजीत होतं. पॉलिसी घेताना अर्जदारानं जुन्या अपघाताची आणि ऑपरेशनची माहिती लपवली, सबब क्लेम देता येत नाही. शिवाय पॉलिसी रद्द का करू नये, असा उलटा प्रश्न.

फॉर्म एजंटनं भरला होता. सगळ्या रकान्यांत 'नाही'. खाली कस्तुराक्काची सही. हे दर दुसऱ्या फायलीत असतं. एजंट घाईत असतो आणि सही करणारा विश्वासात असतो. पण सही ती सही.

कस्तुराक्का समोर उभी होती. दोन बस बदलून आलेली. तिच्या तोंडाकडे बघून मला ते वाचवेना. मी म्हटलं, "काही नाही अक्का, कागद कमी पडलेत म्हणतात. मी बघते."

तिनं पत्र उचललं, तीन पावलं चालून बाकावरच्या बिरादार सरांच्या हातात दिलं. सरांना हळू वाचता येत नाही, चाळीस वर्षं वर्गात गेलेली. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं त्यांनी मराठी करून वाचलं. "अर्जदाराने जुन्या अपघाताची माहिती जाणूनबुजून लपवली."

ती परत काउंटरशी आली.

"कागद कमी न्हाईत मनं. मी लपिवलं मनं."

तिनं पत्र काचेखालून माझ्यापुढं सरकवलं.

"मी तर न्हाई लपिवलं. तू कामून लपिवलीस, माय?"

बारा वर्षांत त्या काचेमागे माझी मान खाली गेली ती त्या दिवशी. लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी राग आला, आधी स्वतःचा आणि मग कंपनीचा. मी शरणअण्णांना म्हटलं, ही फाईल कपाटात जाणार नाही, माझ्या टेबलावर राहील. ती पुढं सात महिने तिथं राहिली. जेवणाचा डबा मी तिच्यावर ठेवून खात असे.

* * *

दुसऱ्या दिवशी रेवण एकटाच आला. तो बिदरला शिक्षक आहे. म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या हो कंपनी. आम्ही आमच्या परीनं करतो. आईला तारीख द्या."

डॉक्टरांनी तारीख दिली. कस्तुराक्कानं ती परत केली.

"आधी त्ये लपिवलं मनलेलं खोडून आणा. मग कापा."

डॉक्टरांनी समजावलं. रेवणनं विनवलं. मीसुद्धा सांगितलं, अक्का, भांडण मी भांडते, तुम्ही ऑपरेशन करून घ्या, दोन्ही एकदम चालू शकतं. नियमात तसं बसतंही. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "व्हय. बराबर हाय तुजं." आणि उठून बसस्टँडला जायची.

एकदा डॉक्टर चिडले. जिन्याजवळ तिला गाठून म्हणाले, "आता त्रास किती होतो ते खरं सांगा."

"आराम हाय, डाक्टर."

"मग ऑपरेशन कशाला करायचं? जा घरी!"

तिनं भिंतीवरच्या बोर्डाकडे काठी केली. "त्यात कंपनीच्या सायबाला आराम मनू नगं असं लिवलंय. डाक्टरला मनू नगं असं कुटं लिवलंय?"

डॉक्टर हसले, पण केबिनमध्ये गेल्यावर मला म्हणाले, "मंगलबाई, त्या बाईला रात्री कूस बदलता येत नसेल. लवकर बघा." ते ऐकून माझा डबा त्या दिवशी तसाच राहिला.

* * *

आम्ही कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज केला. कस्तुराक्काचं म्हणणं एकच, "मी सांगितलं व्हतं. फोनवर सांगितलं व्हतं."

पॉलिसी देण्याआधी कंपनी एक फोन करते. फॉर्ममधली माहिती खरी का ते विचारते आणि ते बोलणं रेकॉर्ड होतं. आम्ही ते रेकॉर्डिंग मागितलं. दीड महिन्यानं एक तुकडा आला. मी, शरणअण्णा, बिरादार सर आणि कस्तुराक्का, चौघं काउंटरच्या आत बसून ऐकायला लागलो. एका मुलीचा आवाज, शुद्ध मराठी.

"आपल्याला पूर्वी कोणता आजार, अपघात किंवा शस्त्रक्रिया?"

आणि कस्तुराक्काचा आवाज, स्वच्छ, ठणठणीत.

"न्हाई माय, समदं आराम हाय."

संपलं. पाऊण मिनिट.

शरणअण्णांनी चष्मा काढून पुसला. बिरादार सर बोर्डाकडे बघत राहिले. मला वाटलं, फाईल आता कपाटात जाणार. कस्तुराक्कावर राग धरावा तर तो कशाचा? परकी मुलगी फोन करून तब्येत विचारते, तिला पहिल्या वाक्याला आमच्याकडचं कुणीही दुसरं काय सांगेल? मीसुद्धा तेच सांगितलं असतं.

कस्तुराक्का शांत होती. म्हणाली, "परत लाव."

परत लावलं. डोळे मिटून ऐकलं.

"ह्यात भाकरी कुटं हाय?"

"कसली भाकरी, अक्का?"

"मी भाकरी करायलते. फोन वट्यावर ठिवला, त्यो मोट्यानं ऐकू येतंय तसा करून, आन थापायला लागले. ती बोलायली, मी थापायली. चार झाल्या. ह्यात तर पिठाला हात बी लागला न्हाई."

आम्ही तिसऱ्यांदा लावलं. खरंच, एकदाही थाप ऐकू आली नाही.

बिरादार सर ताठ झाले. त्यांनी तिथल्या तिथं कागद ओढला. सरांचं ते पत्र मी जपून ठेवलंय. त्यातलं एक वाक्य असं आहे: 'अर्जदाराने सदर संभाषण चालू असताना चार भाकरी केल्या. आपण पाठवलेल्या ध्वनिफितीत एकही भाकरी आढळत नाही. सबब उर्वरित संभाषण आपल्याकडे शिल्लक असलेच पाहिजे.'

शिवाय पुरावा हवा म्हणून सरांनी घरी प्रयोग केला. मनगटावरचं घड्याळ काढून ओट्याजवळ ठेवलं आणि पत्नीला चार भाकरी करायला लावल्या. साडेअकरा मिनिटं भरली. शास्त्रीय पद्धतीप्रमाणे प्रयोग तीनदा करायचा होता, पण दुसऱ्या वेळेला काकूंनी परात सरांच्या पुढं सरकवली.

"आता तुमी थापा. मी टाइम बगते."

कंपनीचं उत्तर आलं. 'भाकरीचा मुद्दा क्लेमशी सुसंगत वाटत नाही.' मी ते वाचून दाखवलं, ह्या वेळी शब्दन् शब्द, काही न लपवता. कस्तुराक्का म्हणाली, "ज्याला भाकरी कळंना, त्याच्या वरच्याकडं चल."

* * *

वरचा म्हणजे विम्याचा लोकपाल. तिथं वकील लागत नाही, तक्रारदारानं स्वतः बोलायचं असतं. अर्ज गेला. लोकपाल साहेबांनी कंपनीला एका ओळीत कळवलं, पूर्ण रेकॉर्डिंग घेऊन सुनावणीला या.

सुनावणी कॉम्प्युटरवर होती. डॉक्टरांनी आपली केबिन दिली. कस्तुराक्का इरकल नेसून आली होती. खुर्चीत कलती बसली, दुखऱ्या बाजूचा भार दुसऱ्या बाजूवर घेऊन. मी तिच्या मागे. शेजारी शरणअण्णा, कारण साहेब कन्नड बोलणारे होते आणि मराठी वाक्यं त्यांना कन्नडमध्ये सांगायची होती. बिरादार सर दाराशी उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. कॉम्प्युटरवर एका चौकोनात साहेब, दुसऱ्या चौकोनात कंपनीचा माणूस, टाय लावलेला.

त्यानं रेकॉर्डिंग लावलं. ते त्यानंही आधी ऐकलं नसावं, असं मला नंतर वाटलं.

पाऊण मिनिट तेच. "समदं आराम हाय." मग मुलगी म्हणाली, "धन्यवाद काकू. आता अजून काही माहिती पडताळायची आहे." आणि तेवढ्यात आवाज आला. थप. थप. थप.

दाराशी बिरादार सरांनी एक बोट वर केलं. पहिली.

नाव, पत्ता, वारसाचं नाव. थप, थप. दुसरी झाली. मग कस्तुराक्काचा आवाज. "माय, तुजा आवाज कामून असा बसलाय?"

"सकाळपासून बोलतेय काकू. साठ-सत्तर फोन होतात."

"मिरी आन गूळ उकळून पी. आन जरा गप बस."

थप, थप. तिसरी. मुलगी हसली. "गप्प बसून कसं चालेल काकू? नोकरी आहे. आणि हा आवाज कसला येतोय?"

"भाकरी थापायलेय. उभ्यानं थापल्यावर असाच येतंय."

"उभ्यानं? आमची आजी तर खाली बसून थापते."

"मी बी बसूनच थापायची, माय. आता खाली बसता येत न्हाई. टेम्पो उलटला न्हाई का, मांडीत रॉड हाय. सोलापूरला घातलाय."

शरणअण्णा एकेक वाक्य कन्नडमध्ये सांगत होते. इथं ते थांबले. साहेब म्हणाले, "साकु, अर्थ आयतु." पुरे, समजलं. पण रेकॉर्डिंग चालूच होतं. कंपनीचा माणूस टाय सैल करत होता आणि ते बंद करायचं त्याला सुचलं नसावं. थप, थप. चौथी.

"काकू, हे तुमच्या फॉर्ममध्ये नाहीये. मी लिहून घेऊ का?"

"लिव की. त्यात लपवायचं काय?"

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

साहेबांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, काही म्हणायचंय का. तो म्हणाला, नाही सर. साहेबांनी आमच्यासमोरच सांगितलं, "लपवली हा शब्द काढा. क्लेम द्या." शरणअण्णांनी ते कस्तुराक्काला मराठीत सांगितलं. तिनं मान हलवली, पदर सारखा केला आणि डॉक्टरांना म्हणाली, "कंदी कापताव?"

मग साहेबांनी, जायच्या आधी विचारावं म्हणून, शरणअण्णांकरवी विचारलं, "अक्का, तुम्हाला अजून काही सांगायचंय?"

कस्तुराक्का कॉम्प्युटरकडे वाकली.

"त्या पोरीचा घसा बरा झाला का, तेवढं इचारा की."